स्थानिक पालक

माझ्या बाबांना अर्जातली रिकामी जागा बघवत नाही. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या कचेरीत लोकांचे अर्ज तपासण्यात गेली, आणि एखादा रकाना कोरा दिसला की त्यांनी तो अर्ज परत पाठवला. घरातही तेच. बँकेच्या कागदावर 'पूर्वीचे आडनाव असल्यास' असं छापलेलं असलं की ते तिथे रेघ मारत नाहीत. रेघेवर उद्या कुणीही काहीही लिहील म्हणून स्वच्छ अक्षरात 'लागू नाही' असं लिहितात. माझ्या नावाच्या एकाही अर्जाला त्यांनी आजवर मला एकटीला हात लावू दिलेला नाही.

ओमानच्या अर्जालाही नाही. मी तेव्हा पुण्यात भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वय वर्षं बावीस. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीतून एका सत्रासाठी मला मस्कतबाहेर, अल खौदच्या बाजूच्या एका विद्यापीठात जायला मिळणार होतं. तिथल्या वसतिगृहाच्या अर्जात एक रकाना होता: स्थानिक पालक, असल्यास. नेमकं इथे बाबांनी 'लागू नाही' लिहायला हवं होतं. मी म्हटलंही, की तिथे आपलं कुणी नाही. त्यावर ते म्हणाले, की नसेल तर शोधू. 'असल्यास' या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी 'असायलाच हवा' असा होतो.

दोन दिवसांत त्यांनी पालक शोधून काढला. त्यांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे साडू बरीच वर्षं मस्कतला होते. बाबा त्यांना आयुष्यात भेटलेले नव्हते. व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, एकमेकांची मूळ गावं विचारली, आणि माझं पालकत्व एका अनोळखी माणसाच्या नावावर झालं. खाली सही मी केली. न वाचता केली, कारण व्हिसा येणार या आनंदात मी होते आणि बाबांनी भरलेला अर्ज वाचायचा असतो हे मला सुचलंच नाही. तेवढा मूर्खपणा माझा, तो मी पदरात घेते. बाकीचा घेणार नाही.

निघण्याआधीचा महिना नातेवाइकांनी मला ओमानची माहिती पुरवण्यात घालवला. त्यातला एकही जण ओमानला गेलेला नव्हता. तिथे बायकांना बाहेर पडता येत नाही, तोंड झाकावं लागतं, मुलींना कोण विचारतंय तिथे, असं बरंच काही. तिथल्या मुलींची सगळ्यांना इतकी कीव येत होती की ऐकून ऐकून मलाही थोडी यायला लागली. मी तर मनाशी ठरवून टाकलं होतं, की तिथल्या मैत्रिणींसमोर आपण आपल्या स्वातंत्र्याचा तोरा मिरवायचा नाही, त्यांना वाईट वाटेल. हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

विमानतळावर साडू आणि त्यांची बायको न्यायला आले होते. मी त्यांना काका-काकू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे पन्नाशीच्या कुठल्याही माणसाला काका म्हणतात, रिक्षावाल्यालाही म्हणतात. पण हे गृहस्थ तो शब्द ऐकताच खरोखरीचे काका झाले. गाडीत बसता बसता म्हणाले, "आता तू आमची जबाबदारी." बाकीचे लोक 'ये, बस' म्हणतात तसं ते 'जबाबदारी' म्हणायचे. राहायला ते मस्कतच्या रुवी वस्तीत होते आणि गाला नावाच्या औद्योगिक भागात एसीचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. कंपनीच्या मालकाला ते अर्बाब म्हणत. अर्बाबने अडचणीचं काही विचारलं की ते 'इन्शाल्ला' म्हणून वेळ मारून न्यायचे. पुढे मलाही त्यांच्याकडून तेच ऐकायला मिळालं.

तिथल्या जगण्याची सवय व्हायला मला फार दिवस लागले नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण परत आल्यावर सगळे मला तेच विचारतात. सप्टेंबरचं ऊन असं होतं की गार पाण्याच्या नळातून दिवसभर चहा करता येईल इतकं गरम पाणी यायचं. पहिल्या दिवशी पोळलेला हात घेऊन मी बाहेर आले, तेव्हा माझ्या खोलीतली मुलगी पोट धरून हसली. मग तिनेच शिकवलं: गीझर बंद ठेवायचा, त्यातलं पाणी खोलीच्या थंडाव्यात निवतं, आणि आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. उलटा कारभार, पण दोन दिवसांत हाताला तो बरोबर कळायला लागला. रविवारी सकाळी आठला वर्गात बसायचं दुःख मात्र जरा जास्त टिकलं. शुक्रवारी सुट्टी असते हे डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही.

चालायची खोड मला पुण्याची. संध्याकाळी ऊन उतरलं की मी दुकानापर्यंत चालत निघायचे, आणि दर दोन मिनिटांनी एखादी गाडी थांबून आतल्या बाई विचारायच्या, की काही अडचण आहे का, कुठे सोडू का. त्यांच्या दृष्टीने रस्त्याने पायी चालणारी मुलगी म्हणजे जिची गाडी बिघडली आहे अशी मुलगी. मी शुकरन, शुकरन असे आभार मानत पुढे जायचे. जेवणात भात आणि मासे होते, मी दोन्ही खाते. भाजणीचं पीठ नेलं होतं त्याची थालीपिठं आम्ही दोघींनी मिळून संपवली. खोलीतली मुलगी माझ्याच वर्गातली, निझवा शहराच्याही पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या वडिलांची खजुराची बाग होती. दर आठवड्याला ती घरून खजूर आणि कॉफी आणायची आणि मी अभ्यासाला बसले की न विचारता पेला भरून ठेवायची. आम्ही इंग्रजीत बोलायचो, भांडायचोसुद्धा. म्हणजे परक्या लोकांशी जुळवून घ्यायला मला काही जड गेलं नाही. जड गेली ती आपली माणसं.

काकांचा रोज संध्याकाळी मेसेज यायचा: पोचलीस का? मी कुठे गेलेलीच नसायचे. खोलीत बसून मी 'हो' असं उत्तर द्यायचे, ते उत्तर काका बाबांना पाठवायचे, आणि बाबा त्यांना हात जोडलेलं चित्र पाठवायचे. माझ्या जिवावर या दोघांची अशी मैत्री जमली की सकाळचे सुविचार, पुण्याचा पाऊस, गुडघेदुखीवरचं तेल, सगळ्याची देवघेव सुरू झाली. बाबा फोनवर मला काकांची खुशाली सांगायला लागले.

शुक्रवारी सकाळी काका मला न्यायला येत. जेवण काकूंच्या हातचं, आणि ते उत्तम असायचं, याबद्दल माझी तक्रार नाही. जेवणाआधी काकू मला रुवीशेजारच्या हमरियाच्या बाजारात भाजीला घेऊन जायच्या. घरात त्यांचा आवाज फारसा ऐकू यायचा नाही, पण हमरियाच्या गल्लीत त्या वेगळ्याच बाई व्हायच्या. गवार कुठल्या दुकानात कोवळी मिळते, अळू कोणत्या वारी येतं, सगळं त्यांना पाठ. श्रीवर्धनकडचे एक म्हातारे दुकानदार होते, त्यांच्याशी त्या अर्धा तास गप्पा मारत. त्या म्हाताऱ्यांनी एकदा मला विचारलं, की तू काय शिकतेस गो. दगड, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "मग डोंगरात गेलीस का नाय अजून? हितं काय रस्त्यावर बघतंस?" माझ्याआधी काकूच बोलल्या, की जाणार आहे ती, नोव्हेंबरात.

नोव्हेंबरातल्या त्या सहलीसाठीच तर मी आले होते. हे जरा समजावून सांगायला हवं. पुण्याच्या आसपास भूशास्त्र शिकणाऱ्याला काळा बसाल्ट बघायला मिळतो, त्यानंतर आणखी बसाल्ट, आणि कंटाळा आला की बदल म्हणून वेगळा बसाल्ट. ओमानच्या डोंगरांत मात्र एक नवल आहे. आपल्या पायाखाली कित्येक किलोमीटर खोल पृथ्वीचं कवच संपतं आणि प्रावरण सुरू होतं. तिथवर माणूस पोचू शकत नाही, अजून कुणी पोचलेला नाही. पण फार पूर्वी समुद्राचा तळच्या तळ उचलला जाऊन ओमानच्या जमिनीवर येऊन पडला, आणि तिथल्या एका ओढ्याच्या काठाने चालत गेलं की कवच जिथे संपतं तो सांधा उघड्यावर दिसतो. त्याच्या एका बाजूला एक पाय ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. मी तो पुस्तकातल्या चित्रात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. देवाणघेवाणीच्या अर्जात 'यायचं कारण' या रकान्यात मी एवढंच लिहिलं होतं, आणि तो एकच रकाना मी बाबांना न विचारता भरला होता.

सहल दोन रात्रींची होती, गुरुवार ते शनिवार. बरोबर सर आणि दोन शिक्षिका. राहायची सोय डोंगरातल्या एका गावात. वसतिगृहाबाहेर रात्र काढायची तर ज्या मुलीच्या अर्जात पालकाचं नाव आहे, त्या पालकाच्या मोबाईलवर एक मेसेज जायचा, आणि त्याने 'हो' किंवा 'नाही'चं बटण दाबायचं. इतकं सोपं. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी बागेतूनच बटण दाबलं आणि वर आवाजी निरोप पाठवला. तिने तो मला ऐकवून अर्थ सांगितला: जा, चांगले बूट घाल, आणि शिक्षकांच्या पुढे पळू नकोस. पाठीमागे बकरी ओरडत होती. पाच मिनिटांत तिचं काम झालं.

माझा मेसेज काकांना गेला. मी लगेच फोन करून सगळं समजावलं. काका म्हणाले, अगं चांगलंच आहे की, बाबांशी एकदा बोलून घेतो, इन्शाल्ला. मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, की काका तिथे राहतात, तिथलं त्यांना कळतं, त्यांना योग्य वाटलं तर आमची काय हरकत असणार. मी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, बाबांनी तसं मला स्पष्ट सांगितलेलं नाही, बाबांची परवानगी असली तर मी कोण अडवणारा? मी पुन्हा बाबांना. बाबा म्हणाले, की एकदा त्यांच्यावर सोपवल्यावर मी मध्ये बोलणं बरं दिसत नाही. आईला म्हटलं, तू तरी सांग. आई म्हणाली, बाबांना विचार.

असा आठवडा गेला. दोघांनी मिळून माझा चेंडू केला होता, आणि टोलवताना दोघंही इतके अदबशीर होते की कुणावर ओरडायची सोय नाही. शेवटी मी युक्ती केली असं मला वाटलं. दोघांना एकाच कॉलवर घेतलं. म्हटलं, आता समोरासमोर होऊन जाऊ दे. पंधरा मिनिटं ते बोलले. पुण्यात थंडी पडली का, मस्कतला आता एसी बंद करता येतो का, तेलाने गुडघ्याला फरक पडला का. मी मध्ये तीनदा 'सहल' हा शब्द उच्चारला. तीनही वेळा काका म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं," आणि बाबा म्हणाले, "नाही नाही, तुम्ही म्हणाल तसं." मग दोघांनी एकमेकांच्या घरच्यांना नमस्कार सांगितले आणि कॉल संपला. मी खोलीत उशीत तोंड खुपसून किंचाळले. मैत्रीण कॉफीचा पेला घेऊन उभी राहिली, तिला वाटलं घरी कुणीतरी गेलं.

सहलीच्या आधीच्या शुक्रवारी मी जेवताना काकांना सरळच विचारलं, की तुम्हाला भीती कसली वाटते. काका म्हणाले, भीती नाही, पण इथलं वातावरण वेगळं आहे, इकडे मुली अशा डोंगरात वगैरे जात नाहीत. मी म्हटलं, माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली इकडच्याच आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणी खेड्यांतल्या आहेत, आणि सगळ्या जाणार आहेत. काकांनी वरणाचा घास गिळला आणि म्हणाले, "त्यांचं वेगळं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं वेगळं म्हणजे काय? महिनाभर ज्यांची मला कीव करायला लावली, त्यांच्या मुली बूट बांधून तयार, आणि आमच्या पुण्याची सुधारलेली मुलगी वरणभात खात परवानगीची वाट बघत बसलेली. मी असंच काहीसं म्हणालेही, यापेक्षा जरा सौम्य शब्दांत. काका माझ्याकडे दुखावल्यासारखे बघत राहिले. त्यांचं खाल्लेलं अन्न मी विसरले, असा त्या बघण्याचा अर्थ होता. काकू पोळीचं ताट हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि आत गेल्या.

बुधवारी दुपारी माझ्या मोबाईलवर मेसेज आला: विनंतीची मुदत संपली. काकांनी 'नाही' दाबलं नव्हतं. काहीच दाबलं नव्हतं. मी फोन केला तर म्हणाले, अरेच्चा, आज शेवटचा दिवस होता का, बाबांच्या फोनची वाट बघत होतो. बाबांना केला तर ते म्हणाले, की काकांनी काहीतरी विचार करूनच ठरवलं असणार.

गुरुवारी सकाळी मैत्रीण पिशवी भरत होती. तिने मोजे घडी करून ठेवले, मग पलंगावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे मुलींना फार जाचात ठेवतात का?" तिच्या डोळ्यांत खरीखुरी दया होती. ती मला म्हणाली, की तिचे वडील काकांशी बोलतील, हवं तर घरी येऊन बोलतील, ते फार चांगले बोलतात. मी तिला सांगायला लागले, की छे, आमच्याकडे तसं काही नाही, मी पुण्यात गाडी चालवते, कॉलेजच्या सहलींना गेले आहे, मी ठरवेन ते शिकते. बोलता बोलता माझं मलाच ते पाठ केल्यासारखं वाटायला लागलं. ती मान हलवत ऐकत होती, आणि तिने एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. मग खालून बसचा भोंगा वाजला आणि ती गेली.

ते तीन दिवस मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. मजल्यावर मी आणि साफसफाई करणाऱ्या बाई, एवढ्याच. काकांचा मेसेज यायचा तसा आला: पोचलीस का? त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं नाही. तासाभराने बाबांचा फोन आला, की काकांना काळजी लागलीय.

रविवारी मी वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी माझा अर्ज काढला, बघितला आणि म्हणाल्या, की बाहेरून आलेल्या विद्यार्थिनींना हा रकाना भरायची गरजच नसते, तू भरलास म्हणून आम्ही मेसेज पाठवला. काढायचा का? मी म्हटलं, हो. त्यांनी एक ओळ माझ्याकडून लिहून घेतली आणि सही घेतली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. मी विचारलं, की पुन्हा ती सहल कधी. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी याच सुमाराला. मी जानेवारीत परत जाणार होते.

संध्याकाळी काकांना फोन करून सांगितलं, की तुमचं नाव मी काढलं. मला वाटलं होतं, चिडतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी चिडावं अशी माझी इच्छा होती. काका म्हणाले, "बरं केलंस बाई. माझ्या जिवाला फार घोर होता." त्यांना हे पालकपद पहिल्या दिवसापासून नकोच होतं. साडूंच्या मित्राला नाही कसं म्हणायचं, म्हणून घेतलं होतं. आणि बाबांना? बाबांनाही त्या माणसावर भार टाकताना संकोच वाटला होता, पण रकाना होता. म्हणजे ज्या दोघांनी मला तीन महिने बांधून ठेवलं, त्या दोघांनाही तो दोर नको होता, आणि हे एकमेकांना सांगायला दोघांची जीभ उचलत नव्हती. मला वाटतं, त्यांनी मला मुद्दाम अडवलं असतं तर माझा राग केव्हाच निवला असता.

मैत्रीण शनिवारी रात्री परत आली होती ती उन्हाने रापून, आनंदाने उतू जात, आणि माझ्यासमोर आनंद दाखवायचा नाही असं ठरवून. प्रयोगशाळेसाठी आणलेल्या नमुन्यांतला एक तुकडा तिने सरांना विचारून माझ्यासाठी आणला होता. मुठीएवढा, बाहेरून तपकिरी, फोडलेल्या बाजूला काळपट हिरवा. पृथ्वीच्या प्रावरणाचा तुकडा. मी तो हातात घेतला आणि रडले. आमच्या शास्त्रात दगड कुठे, कसा, कशाला टेकून उभा होता याला महत्त्व असतं. ते आपण पाहिलेलं नसेल तर हातात उरतो तो नुसता दगड. तिला हे माहीत होतं. म्हणूनच ती सांध्याचे फोटो एकेक करून दाखवत राहिली, आणि मी ते बघत राहिले.

जानेवारीत पुण्याला आले. आईने तो दगड भांड्यांच्या साबणाने घासला आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवला. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी आलं, आणि बाबांनी तो बाहेर काढून दाखवला. म्हणाले, लेकीने ओमानच्या डोंगरातून आणलाय. मी प्रवासाने दमले होते, बोलले नाही. ती चूक झाली. पुढे प्रत्येक पाहुण्याबरोबर गोष्ट वाढत गेली. होळीपर्यंत मी तो डोंगर चढून गेले होते. उन्हाळ्यापर्यंत कडक उन्हात, हातोड्याने, स्वतः फोडून आणला होता. "आमची मुलगी कशाला घाबरत नाही," असं बाबा म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा की माझ्या तोंडातले शब्द तोंडात राहायचे. रागावर ते सहा महिने मी जगले म्हणायला हरकत नाही.

जुलैत काका-काकू सुट्टीवर आले आणि एका दुपारी आमच्याकडे चहाला आले. बाबा आणि काका पहिल्यांदा समक्ष भेटत होते, त्यांनी एकमेकांना मिठी मारली. काकूंनी हलव्याचा डबा आणला होता. चहा झाला, आणि बाबा उठून कपाटाकडे गेले. दगड दोन्ही हातांनी काढून त्यांनी काकांपुढे धरला आणि तीच गोष्ट सुरू केली. काका मान डोलवत होते. म्हणाले, "हो, जिद्दी आहे फार."

मी म्हटलं, "हा मी आणलेला नाही. माझ्या मैत्रिणीने आणला. त्या सहलीला मला जाऊ दिलं नाही. तुम्ही दोघांनी."

बाबांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, हे मला लिहायला हवं. ते खरोखर बुचकळ्यात पडले होते. त्यांनी काकांकडे बघितलं, काकांनी त्यांच्याकडे. "अगं, आम्ही कुठे नाही म्हटलं?" बाबा म्हणाले. काकाही म्हणाले, की नाही हा शब्द मी कधी काढल्याचं मला आठवत नाही. मी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच ते सगळे फोन, तो पंधरा मिनिटांचा कॉल, ते शुक्रवारचं जेवण मनात चाळून बघितलं. नाही असं खरंच कुणी म्हटलं नव्हतं.

मग काकू बोलल्या. बशी हातातच होती, आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. "तो मेसेज मी पाहिला होता," त्या म्हणाल्या. "घरी असले की यांचा फोन माझ्याजवळच असतो. मला विचारलं असतंस तर तेव्हाच हो म्हणून दाबलं असतं. पण मला कुणी विचारलंच नाही गं."

मीही विचारलं नव्हतं. इतके शुक्रवार मी त्यांच्या हातचं जेवले होते, हमरियात त्यांच्या शेजारून पिशवी धरून चालले होते, गवार कोवळी कशी ओळखायची ते विचारलं होतं. हे एक विचारलं नव्हतं. परवानगी मागायची ती काकांकडे आणि बाबांकडे, हे मला कुणी शिकवून ओमानला पाठवलं नव्हतं. ते मी पुण्याहूनच माझ्याबरोबर घेऊन गेले होते.